वाचकांचे टपाल : नावीत हुकमी एक्का कोण?

गेल्या अंकात युक्रेनच्या नातुस विंचेरे, म्हणजे 'नावी', या ई-स्पोर्ट्स संस्थेची तोंडओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारले आहे : यांच्यातला सर्वांत भारी खेळाडू कोण, आणि ते ठरवायचे कसे? उत्तरांत खेळाडूंची टोपणनावेच वापरली आहेत. घरच्या नावाने त्यांना प्रेक्षक क्वचितच ओळखतात.

माझा मुलगा काउंटर-स्ट्राइकवाल्यांना नावी म्हणतो, पुतण्या डोटावाल्यांना. घरात रोज वाद. खरी नावी कोणती? — एक वाचक, सांगली

दोघेही खरे. काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा व्हिडिओ गेम, तर डोटा जादुई पात्रांच्या लढाईचा. एकाच तालमीत कुस्तीचा गट वेगळा आणि कबड्डीचा वेगळा असतो, तसे समजा. नाव, जर्सी आणि पगार देणारी कचेरी एक. पण प्रत्येक खेळाचे खेळाडू, प्रशिक्षक आणि सरावाचे वेळापत्रक स्वतंत्र. काउंटर-स्ट्राइकमधला नेमबाज उद्या डोटात बसवला, तर तो तिथे नवशिकाच ठरेल.

संस्था डिसेंबर २००९ मध्ये कीवमध्ये सुरू झाली, ती काउंटर-स्ट्राइक १.६ च्या टीमपासून. पुढच्याच वर्षी या टीमने इंटेल एक्स्ट्रीम मास्टर्सची जागतिक स्पर्धा, ईएसडब्ल्यूसी आणि वर्ल्ड सायबर गेम्स अशा तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. एका वर्षात हे तिन्ही किताब त्याआधी कोणी घेतले नव्हते. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्यांचा स्नायपर मार्केलॉफ. डोटा २ चा गट २०११ मध्ये गाजला. कोलोनच्या गेम्सकॉममध्ये झालेली पहिली 'द इंटरनॅशनल' ही डोटाची जागतिक स्पर्धा जिंकून त्यांनी दहा लाख डॉलर नेले. तोवर असे बक्षीस ई-स्पोर्ट्समध्ये कोणी पाहिले नव्हते. पुढे व्हॅलोरंट, रेनबो सिक्स असे गट जोडले गेले आणि २०२५ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सच्या युरोपीय लीगमध्येही नावीला जागा मिळाली.

नावी म्हटल्यावर ज्याला आधी डोटा आठवतो, तो पुतण्या वयाने थोडा मोठा असावा, असा आमचा अंदाज.

सिंपल, सिंपल म्हणून जो गाजावाजा आहे, तो खरा की चाहत्यांचा? मला तर तो बाकीच्यांसारखाच स्नायपर वाटतो. — महाविद्यालयीन वाचक, पुणे

सिंपल हा नावीचा काउंटर-स्ट्राइकमधला स्नायपर होता. गाजावाजा खराच. पण त्याचे कारण नेम हे नाही. नेम त्या पातळीवर सगळ्यांचाच चांगला असतो. कारण पैशांत आहे.

सामना छोट्या छोट्या राउंडचा असतो आणि प्रत्येक राउंडआधी खेळातल्याच पैशांनी हत्यारे विकत घ्यावी लागतात. हिशेब मांडून बघू. काउंटर-स्ट्राइकमध्ये ऑप ही स्नायपर रायफल ४७५० ला मिळते. पाय सोडून कुठेही गोळी लागली की एका गोळीत समोरचा संपतो. एके-४७ मिळते २७०० ला. दोन्हींच्या सोबत हेल्मेटसह चिलखत १०००, एक स्मोक (धुराचा बॉम्ब) ३०० आणि दोन फ्लॅश (डोळे दिपवणारे बॉम्ब) ४०० धरा. ऑपवाल्याचा संच ६४५० ला पडतो, एकेवाल्याचा ४४०० ला. म्हणजे एक ऑप खेळवायची तर टीम दर वेळी २०५० जास्त मोजते. शिवाय एकेने बळी घेतला तर ३०० मिळतात, ऑपने फक्त १००. राउंड हरल्यावर मिळणारी रक्कम जास्तीत जास्त ३४००. गाठीशी शिल्लक नसेल तर गेलेला ऑपचा संच परत उभा करायला दोन राउंडची कमाई जाते. आणि पडलेली ऑप शत्रूने उचलली, तर तीच आपल्यावर उलटते ते वेगळेच.

म्हणून बहुतेक संघांत ऑपवाला जपून खेळतो. एक गोळी झाडायची, लागो न लागो, आडोशाला यायचे. दोन गोळ्यांमध्ये जवळपास दीड सेकंद जातो आणि तेवढ्या वेळात समोरचा अंगावर येऊ शकतो. सिंपलची गंमत अशी की तो ऑप घेऊन रायफलवाल्यासारखा पुढे जायचा आणि पैसे नसले की साधी रायफल किंवा पिस्तूल घेऊनही तेवढाच धोकादायक असायचा. एरवी पैसे संपले की टीमचा स्नायपर निम्मा होतो. हा होत नसे. त्यामुळे नावीला 'ऑप परवडत नाही, आता काय' हा प्रश्न इतरांपेक्षा कमी सतावायचा.

२०१६ च्या ईएसएल वन कोलोनमध्ये, तो अजून टीम लिक्विडकडे असताना, कॅश या मॅपवर, म्हणजे खेळातल्या मैदानावर, त्याने उंचावरून उडी मारता मारता दुर्बिणीत न बघताच ऑपने दोघांना टिपले. खेळ बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने त्या जागेवर भिंतीवर चित्र काढून ती आठवण मॅपमध्येच ठेवली. तो नावीत आला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. २०१८, २०२१ आणि २०२२ अशी तीन वर्षे एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकची आकडेवारी ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या यादीत तो पहिला होता. मेजर म्हणजे काउंटर-स्ट्राइकची सर्वांत मानाची स्पर्धा. २०२१ च्या स्टॉकहोम मेजरमध्ये नावीने एकही मॅप न गमावता किताब घेतला. मेजरच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते. अंतिम सामन्यात जी२ विरुद्ध पहिला मॅप १६-११ असा गेला, दुसरा न्यूक दोन ओव्हरटाइमपर्यंत ताणला गेला आणि २२-१९ वर सुटला. सर्वोत्तम खेळाडू सिंपलच.

तुम्हाला तो बाकीच्यांसारखा वाटतो, कारण आज बरेच जण तसे खेळायचा प्रयत्न करतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑपच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ झाल्या. बेधडक झाडत सुटायची सोय तेव्हापासून कमीच झाली.

सामना संपल्यावर जो तक्ता येतो त्यात ज्याचे रेटिंग जास्त तो भारी, एवढे सरळ आहे का? — एक पालक, नाशिक

नाही. आणि बहुतेक चुकीची मते इथेच तयार होतात.

एचएलटीव्हीचे रेटिंग १.०० म्हणजे सरासरी. १.२० सातत्याने असेल तर तो खेळाडू अव्वल. पण रेटिंग बघण्याआधी त्या खेळाडूला काम काय दिले होते ते बघा. राउंडच्या सुरुवातीला जो सर्वांत आधी दारातून आत शिरतो, त्याचे मरण ठरलेलेच असते. त्याने एकाला तरी घेऊन पडावे, नाही तर निदान मागच्याला समोरच्याची जागा दाखवावी, एवढीच अपेक्षा. मागून येणारा त्याचा बदला घेतो आणि बळी त्याच्या नावावर जमा होतो. तक्त्यात दुसरा चमकतो, पण दार पहिल्याने उघडलेले असते.

एक काल्पनिक तक्ता घ्या. २० राउंडचा सामना. 'अ'चे १८ बळी, १३ मरणे. 'ब'चे १४ बळी, १६ मरणे. वरवर 'अ' सरस. आता पुढचे रकाने बघा. राउंडमधली पहिली चकमक 'ब'ने ९ वेळा खेळली, ५ वेळा जिंकला. 'अ'ने ती २ वेळाच खेळली. 'ब'च्या फ्लॅशने आंधळे झालेले चार शत्रू साथीदारांनी टिपले. 'अ'च्या १८ पैकी ६ बळी अशा राउंडमधले, जिथे समोरच्यांकडे पैसे नव्हते आणि हातात फक्त पिस्तुले होती. आता सांगा, यातला कोण नसता तर टीम जास्त अडली असती?

तक्ता वाचताना क्रम असा ठेवा. आधी पहिल्या चकमकींचा रकाना, किती खेळल्या आणि किती जिंकल्या. मग कास्ट : ज्या राउंडमध्ये खेळाडूने बळी घेतला, बळीत मदत केली, जिवंत राहिला किंवा त्याच्या मरणाचा बदला लगेच घेतला गेला, अशा राउंडची टक्केवारी. ७० च्या वर असेल तर माणूस राउंडमधून गायब राहत नाही. मग दर राउंडमागे केलेले नुकसान. बळींची संख्या सर्वांत शेवटी. पिस्तूलवाल्यांना मारून फुगवलेले आकडे हे जुने दुखणे होते. एचएलटीव्हीने २०२५ मध्ये आणलेल्या नव्या सूत्रात समोरच्याच्या हातातले हत्यारही मोजले जाते, त्यामुळे ही फूग बरीच उतरली आहे. पण जुन्या सामन्यांचे आकडे कुठे वाचताय यावर नजर ठेवा. वेगवेगळ्या सूत्रांची रेटिंगे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच काट्यावर घालणे.

कप्तानाला तर या तक्त्यात न्याय मिळतच नाही. नकाशावर काय चाललेय ते डोक्यात ठेवून बाकी चौघांना हलवायचे आणि वर स्वतःही खेळायचे, यात त्याचे रेटिंग ०.९० च्या आसपास राहिले तरी टीम खूश असते.

सिंपल गेल्यावर नावी संपणार असे सगळे म्हणत होते. उलट त्यांनी मेजर जिंकली. हे कसे? — एक वाचक, नागपूर

आधी घटनाक्रम. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा कीवच्या या संस्थेच्या मुख्य टीममध्ये तीन रशियन खेळाडू होते. कप्तान बूंबला मे २०२२ मध्ये गेला. इलेक्ट्रॉनिक आणि परफेक्टो २०२३ च्या मध्यावर गेले. त्यांच्या जागी फिनलंडचा अलेक्सिब, रोमानियाचा आयएम आणि लिथुआनियाचा जेएल आले आणि टीमची मैदानातली भाषा रशियनऐवजी इंग्रजी झाली. थोड्याच महिन्यांत सिंपलने विश्रांती घेतली. त्याच्या जागी टीम स्पिरिटकडून वंडरफुल आला. जुन्यांपैकी उरले दोघेच : प्रशिक्षक ब्लेड आणि नावीच्याच ज्युनियर गटातून वर आलेला बिट.

मार्च २०२४, कोपनहेगन मेजर. अंतिम सामना फेझशी. पहिला मॅप एन्शंट नावीने १३-९ असा घेतला. दुसऱ्या मिराजवर २-१३ अशी धूळधाण. एवढा मार खाल्लेली टीम तिसऱ्यात कोसळते असा अनुभव आहे. नावीने इन्फर्नो १३-३ ने जिंकला.

या टीममध्ये एकच खेळाडू रोज चमकत नव्हता, हाच तिचा फायदा होता. सिंपलच्या काळात प्रतिस्पर्धी तयारी करताना पहिला प्रश्न विचारायचे : तो कुठे उभा राहील? त्याला फ्लॅश मारून हटवायचे, त्याच्या बाजूला स्मोक टाकून दुसऱ्या बाजूने जायचे. नव्या टीममध्ये असे एक नाव घेऊन तयारी करता येत नव्हती. जेएल आणि आयएम अंगावर धावून जाणारे, बिट मोक्याची जागा धरून बसणारा, वंडरफुल शांतपणे ऑप सांभाळणारा. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू जेएल ठरला, पण दुसरा कोणी ठरला असता तरी फार कोणी हरकत घेतली नसती.

खेळाचे नियमही त्यांच्या बाजूने बदलले होते. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जिंकायला १६ ऐवजी १३ राउंड लागतात आणि एका बाजूने १५ ऐवजी १२ खेळायचे असतात. पैशांची एक घडी विस्कटली की सावरायला राउंडच कमी उरतात. अशा वेळी महागड्या ऑपभोवती सगळा डाव रचण्यापेक्षा पाच जणांत पैसा नीट वाटणारी टीम जास्त टिकते. त्याच वर्षी नावीने रियाधचा ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप आणि ईएसएल प्रो लीगही घेतली.

बिटकडे मात्र जास्त लक्ष द्या, असे आम्ही सुचवू. सीएस:गो ही आधीची आवृत्ती आणि काउंटर-स्ट्राइक २ या दोन्हींत मेजर जिंकणारा तो पहिला खेळाडू. त्याच्या नावाने व्हिडिओचे तुकडे फारसे फिरत नाहीत, कारण त्याचे काम दिसायला कंटाळवाणे आहे.

सिंपल पुढे फाल्कन्स आणि फेझकडे थोड्या काळासाठी उसना खेळला आणि २०२५ मध्ये बीसी.गेम या संघात गेला.

स्पिरिटचा डोंक हा नवा सिंपल म्हणावा का? — एक वाचक, लातूर

तुलना चुकते. डोंक मुळात रायफलवाला आहे, पहिल्या दारातून आत शिरणारा. वर सांगितलेल्या 'ब'च्या जागेवर उभे राहून तो 'अ'चे आकडे काढतो, हे त्याचे वेगळेपण. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅटोविसच्या स्पर्धेत सतराव्या वर्षी १.७० रेटिंग, आणि त्या वर्षी एचएलटीव्हीच्या यादीत पहिला. नवा सिंपल कशाला, पहिला डोंक म्हणा.

डोटातला डेंडीचा 'फाउंटन हुक' म्हणजे नेमके काय? व्हिडिओ पाहिला, पण काय झाले ते कळलेच नाही. — एक वाचक, कोल्हापूर

प्रसंग २०१३ च्या इंटरनॅशनलमधला, चीनच्या टाँगफू विरुद्धचा निर्णायक डाव. नावी मागे पडली होती. नावीच्या डेंडीकडे पज हे पात्र होते. हा लांब साखळीचा आकडा फेकतो. आकड्यात जो अडकेल तो ओढला जाऊन पजच्या पुढ्यात येतो. त्याचा साथीदार पपी, त्याच्याकडे होता चेन. चेनच्या एका विद्येने साथीदार काही सेकंदांनंतर आपल्या तळावर, म्हणजे फाउंटनपाशी, पोचतो. जखमी मित्राला वाचवायची ही सोय.

आता क्रम लावा. पपी आधी डेंडीवर ही विद्या टाकतो. मुदत संपत आली की डेंडी आकडा फेकतो. आकडा शत्रूला पकडतो, आणि साखळी परत येत असतानाच डेंडी तळावर पोचतो. आकड्याचा नियम एवढाच : अडकलेल्याला पज जिथे असेल तिथे आण. पज आता अर्ध्या नकाशापलीकडे आहे, म्हणून शत्रूही अर्धा नकाशा ओलांडून थेट नावीच्या तळावर येऊन पडतो. तिथला फाउंटन परक्याला काही क्षणांत संपवतो.

व्हिडिओत हे कळत नाही कारण सगळे एका डोळ्याच्या उघडझापीत होते. गती कमी करून बघा आणि डेंडीकडे न बघता पपीकडे बघा. खरे घड्याळ त्याच्या हातात होते. आकडा लवकर फेकला तर शत्रू नेहमीसारखा पजपुढे येतो आणि डेंडी एकटाच घरी जातो. उशीर झाला तर डेंडी आकडा न फेकताच तळावर, आणि इकडे चौघे उरतात पाचांविरुद्ध. शिवाय आकडा नुसता फेकून चालत नाही, तो लागावाही लागतो. डेंडीचे नाव झाले ते योग्यच, पण पपीचे अर्धे श्रेय चाहते विसरतात. हा खेळाचा दोष की हुशारी यावर तेव्हा खूप तणातणी झाली. नंतर वॉल्व्हने नियम बदलून ही वाट बंद केली. त्या वर्षी नावी अंतिम सामन्यात अलायन्सकडून ३-२ अशी हरली.

सामने एकाच खेळाडूच्या नजरेतून बघायचे आहेत. रात्री जागणे जमत नाही. — एक वाचक, म्हापसा

युरोपातले सामने आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे अंतिम सामना मध्यरात्र ओलांडतोच. दुसऱ्या दिवशी एचएलटीव्हीवर त्या सामन्याच्या पानावरून डेमो, म्हणजे खेळातच पुन्हा बघता येणारी सामन्याची नोंद, उतरवा. फाईल काहीशे एमबीची आणि दाबलेली असते. ती उघडून आतली डेमो खेळाच्या 'गेम' फोल्डरमधल्या 'सीएसगो' फोल्डरमध्ये ठेवा. फाईलचे नाव बदलून छोटे करा, मधे जागा नको. खेळाच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर कन्सोल सुरू करा, त्यात 'प्लेडेमो', एक जागा आणि फाईलचे नाव लिहा. शिफ्ट आणि एफ२ दाबले की पुढे-मागे नेणारी पट्टी येते.

अडते ते इथे : स्टॉकहोम २०२१ ची डेमो आजच्या काउंटर-स्ट्राइक २ मध्ये उघडत नाही. स्टीममध्ये खेळाच्या गुणधर्मांत बीटा विभागात जाऊन 'सीएसगो लेगसी' निवडा, जुना खेळ वेगळा उतरेल. काउंटर-स्ट्राइक २ ची वर्षभर जुनी डेमोही एखाद्या मोठ्या अपडेटनंतर रुसते. म्हणून आवडलेला सामना लगेच बघून घ्या.

बघताना बळी सोडून द्या. बिटचे तीन राउंड घ्या आणि गोळी झाडण्याआधीच्या पाच सेकंदांत त्याचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) कुठे असतो एवढेच पाहा. तो डोक्याच्या उंचीवर, कोपऱ्याच्या कडेपासून किंचित सुटा ठेवलेला दिसेल. समोरचा आला की त्याला माउस बोटभरही हलवावा लागत नाही.

सिंपलची माउस सेटिंग जशीच्या तशी ठेवली, पण नेम आणखीच बिघडला. — एक वाचक, सोलापूर

बिघडणारच. त्याच्या सेटिंगमध्ये बरीच वर्षे ४०० डीपीआय (माउसचा वेग) आणि ३.०९ सेन्सिटिव्हिटी (खेळातला वेग) होती. गुणाकार १२३६. काउंटर-स्ट्राइकमध्ये ४१,५६० ला या गुणाकाराने भागले की पूर्ण गिरकीला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो ते मिळते : साधारण साडेतेहेतीस. मागे वळायला त्याचे निम्मे, जवळपास १७. तुमचे पॅड २२ सेंटिमीटरचे असेल आणि माउस मधोमध असेल, तर एका बाजूला ११ च उरतात. मग मध्येच माउस उचलावा लागतो आणि नेम तिथेच सुटतो.

टेबलावर की-बोर्ड तिरका करून जागा मोकळी करा, शक्य असेल तर ४० सेंटिमीटर किंवा रुंद पॅड घ्या. तुमचा माउस ८०० डीपीआयवर असेल तर सेन्सिटिव्हिटी निम्मी, म्हणजे १.५४ च्या आसपास हवी. ३.०९ तशीच ठेवली असेल तर तुम्ही सिंपलच्या दुप्पट वेगाने फिरत आहात. बहुतेकांची चूक हीच असते. आधी माउसचा डीपीआय तपासा. एक सेटिंग ठरली की निदान दोन आठवडे तिला हात लावू नका.